नव्या गाडीवरचा कोश

नवापूर तालुक्यातल्या एका मंडळीत गायन सांभाळणाऱ्या तरुण भावाने विचारले आहे : “कीबोर्ड आणि ड्रम आल्यापासून आमच्या मंडळीत दोन तट पडले आहेत. वडीलधारी म्हणतात, देवाच्या घराचं पावित्र्य गेलं. आम्ही म्हणतो, देव मन पाहतो. खरं कोणाचं? आणि ख्रिस्ताच्या मरणाने मंदिरातला पडदा फाटला, वाट मोकळी झाली, तरी देवाचं भय धरायचं का? उज्जाने तर कोश पडू नये म्हणूनच हात लावला होता. त्याला मरण का यावं?”

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण पहिल्या दोन्हींचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. धुळे-नंदुरबारकडच्या मंडळ्यांत पाळकपण करताना हा वाद मी वेगवेगळ्या रूपांत पाहिला. काही गावांत तो ढोलावरून होता : जो ढोल जुन्या पूजेत वाजायचा तो प्रभूच्या घरात कसा आणायचा? कुठे टाळ्यांवरून होता, कुठे मराठीत गायचे की मावचीत, म्हणजे इकडच्या आदिवासी बोलीत, यावरून. दोन्हीकडची माणसे मनापासून बोलत असायची. पण 2 शमुवेलाचा सहावा अध्याय उघडून सगळे एकत्र बसले की वादाचा रोखच बदलायचा.

दावीद यरुशलेमात राजा झाला आहे आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, तिथे आणायचा आहे. तीस हजार निवडक माणसे बरोबर आहेत. वीणा, डफ, झांजा वाजताहेत. दावीद आणि सगळे इस्राएल घराणे देवापुढे आनंद करत आहे. कोश एका नव्या कोऱ्या गाडीवर ठेवला आहे. उत्साहात, संख्येत, खर्चात कुठेच हात आखडता घेतलेला नाही. खळ्याजवळ बैल अडखळतात, उज्जा हात पुढे करून कोश सावरतो आणि तिथेच मरून पडतो.

आता त्या गाडीकडे पाहा. कोश कसा न्यायचा हे नियमशास्त्रात आधीच ठरलेले होते. त्याच्या कड्यांत दांडे कायमचे घालून ठेवायचे होते (निर्गम 25). देवाच्या सेवेला नेमलेल्या लेवी वंशातल्या कहाथाच्या वंशजांनी तो वाहायचा, पण पवित्र वस्तूंना हात लावायचा नाही. लावला तर ते मरतील, हे गणना 4:15 मध्ये स्पष्ट लिहिले आहे. तीन अध्याय पुढे जा. लेव्यांच्या इतर दोन कुळांना गाड्या आणि बैल वाटून दिले, कहाथ्यांना एकही गाडी दिली नाही, कारण त्यांना खांद्यावर वाहायचे होते. मग गाडी आली कुठून? पलिष्ट्यांकडून. कोश त्यांच्या ताब्यात गेला होता तेव्हा त्यांनी तो नव्या गाडीवर घालून परत धाडला होता (1 शमुवेल 6). त्यांच्याजवळ नियमशास्त्र नव्हते. दावीदाजवळ होते. तरी त्याने शेजाऱ्यांची रीत उचलली आणि ती वाजतगाजत केली.

म्हणून उज्जाच्या हातापासून सुरुवात करून हा प्रसंग वाचू नका. कोश लेव्यांच्या खांद्यावर असता तर बैल अडखळण्याचा प्रश्नच आला नसता. कोणीतरी गाडी बनवली, कोणीतरी बैल जुंपले, तीस हजारांपैकी एकानेही ‘शास्त्रात काय लिहिले आहे?’ असे विचारल्याची नोंद नाही. हात लावायची वेळ आली ती या सगळ्याच्या शेवटी.

आणखी एक गोष्ट मला, सेवेच्या कामात असलेल्या माणसाला, खोल टोचते. कोश बरीच वर्षे अबीनादाबाच्या घरी होता आणि उज्जा त्याच घरचा. शास्त्र तसे सांगत नाही, पण त्याला कोशाची सवय झाली असावी असे मला वाटते. येता-जाता दिसणारी वस्तू, ओळखीची, आपल्याच घरातली. मंडळीत नव्याने आलेला माणूस प्रभुभोजनाची भाकर हातात घेतो तेव्हा त्याची बोटे थरथरतात. पाळक, वडील, गायक, दान मोजणारे, आपण रोजचे लोक, त्याच भाकरीचे ताट एका हातात धरून दुसऱ्या हाताने माइकची वायर सारखी करतो. जवळ असणे आणि जवळीक असणे यात फरक आहे, आणि तो फरक सर्वांत आधी सेवकांनाच दिसेनासा होतो.

मरण का, हे तरीही विचारायला हवे. दावीदानेही विचारले. त्याला आधी राग आला, मग भय वाटले, “परमेश्वराचा कोश माझ्याकडे कसा येईल?” असे तो म्हणाला. शास्त्राने राजाचा हा राग लपवला नाही, म्हणून तुमच्या मनातला प्रश्नही तुम्ही लपवू नका. माझे उत्तर असे : अशी कठोर शिक्षा देवाने रोज उठून केलेली नाही. याजकपद नुकतेच सुरू झाले तेव्हा अहरोनाच्या मुलांनी, नादाब आणि अबीहू यांनी, सांगितला नव्हता तो अग्नी देवापुढे नेला आणि ते मेले. कोश राजधानीत येताना उज्जा मेला. मंडळीच्या पहिल्या दिवसांत दानाच्या पैशाविषयी खोटे बोललेले हनन्या आणि सप्पीरा मेले. तिन्ही ठिकाणी काहीतरी नवे सुरू होत होते. तिथेच ठरत होते की हे लोक देवाला आपल्या सोयीने हाताळणार, की देव आपल्या वचनाने त्यांना चालवणार. यानेही दुःख हलके होत नाही. अहरोन मुलांच्या प्रेतांपुढे गप्प राहिला एवढेच लिहिले आहे, आणि त्याच्या गप्प राहण्यावर मीही जास्त बोलू इच्छित नाही.

भ्यालेल्या दावीदाने कोश वाटेतच ओबेद-अदोमाच्या घरी वळवला. तीन महिने तो तिथे राहिला आणि त्या घराला आशीर्वाद मिळाला. म्हणजे कोशात काही खोट नव्हती. मग दावीदाने काम पुन्हा हाती घेतले. 1 इतिहास 15 मध्ये तो लेव्यांना उघड सांगतो की, पहिल्या वेळी तुम्ही तो वाहिला नाही, आपण देवाला विधीप्रमाणे शोधले नाही, म्हणून हा घाला पडला. या वेळी लेवी शुद्ध झाले, दांडे खांद्यावर आले, वाहणारे सहा पावले चालले तेव्हा यज्ञ झाला. आणि वाद्ये? रणशिंगे, झांजा, वीणा, नेमून दिलेले गायक, सगळे होते. दावीद तर अंगातले सगळे बळ लावून नाचला. त्याला पाहून नाक मुरडणाऱ्या त्याच्या बायकोची, मीखलेची, बाजू शास्त्राने घेतली नाही.

म्हणजे वाद्ये दोन्ही वेळी होती. पहिल्या वेळी ती कोणाला वाचवू शकली नाहीत, दुसऱ्या वेळी ती कोणाच्या आड आली नाहीत.

तेव्हा तुमच्या वडीलधाऱ्यांनी ‘ड्रममुळे पावित्र्य गेले’ म्हटले तर त्यांना शास्त्राचा आधार मिळणार नाही. स्तोत्र 150 मध्ये मोठ्या आवाजाच्या झांजाही आहेत. पण तुमच्या ‘देव मन पाहतो’ यालाही हवा तसा आधार नाही. ते वाक्य शमुवेलाला राजा निवडताना सांगितले आहे, दावीदाचा थोरला भाऊ अलीयाब याची उंची पाहून भुलू नकोस म्हणून. देवाने जे सांगितले ते बाजूला ठेवायची परवानगी त्यात कुठेच नाही. उज्जाचे मन वाईट होते असे तो अध्याय म्हणतच नाही.

देवाचे पावित्र्य म्हणजे काय, हे कोणी विचारले तर मी व्याख्या सांगण्याऐवजी यशयाचा सहावा अध्याय वाचायला देतो. त्याची सुरुवात, ‘उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी’, ही केवळ तारीख म्हणून वाचू नये. साधारण इसवी सनापूर्वी 740 चा तो काळ. यहूदाच्या या राजाने, उज्जीयाने, 52 वर्षे राज्य केले, किल्ले बांधले, विहिरी खणल्या, नाव कमावले. मग बलाढ्य झाल्यावर तो स्वतःच धूप जाळायला मंदिरात शिरला. ते काम याजकांचे होते. अजऱ्या याजक आणखी 80 जणांना घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला, राजा संतापला आणि त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. देवाच्या घरात आपल्या मनाने शिरलेला राजा ज्या वर्षी गेला, त्याच वर्षी यशयाने खरा राजा सिंहासनावर पाहिला. सराफीम, म्हणजे सिंहासनाजवळचे पंख असलेले स्वर्गीय सेवक, ज्यांनी कधी पाप केले नाही, तेही दोन पंखांनी तोंड झाकतात, दोन पंखांनी पाय झाकतात आणि फक्त दोन पंखांनी उडतात. ते एकमेकांना मोठ्याने सांगतात, “पवित्र, पवित्र, पवित्र सेनाधीश परमेश्वर!”

यशया तिथे ओठांविषयी रडतो. हातांविषयी नाही, डोळ्यांविषयी नाही. तो संदेष्टा होता. ओठ हेच त्याचे हत्यार, त्याच्या सेवेतली सर्वांत मजबूत बाजू. पवित्र देवापुढे उभे राहिल्यावर त्याला तीच बाजू अशुद्ध दिसली. तुम्ही गायक आहात, भाऊ, आणि मी उपदेशक. हे वचन आपल्या दोघांच्या नावानेच लिहिले आहे असे समजून वाचा. मग वेदीवरचा निखारा त्याच ओठांना लागतो. यशयाने स्वतःला शुद्ध केले नाही, निखारा त्याच्याकडे आणला गेला. त्यानंतर प्रश्न येतो, “मी कोणाला पाठवू?” आणि तेव्हा तो म्हणतो, “हा मी आहे, मला पाठव.” दर्शन, कबुली, क्षमा, मग आज्ञा. आपल्या बहुतेक उपासनांत आपण पहिल्या गाण्यालाच ‘मला पाठव’ म्हणतो आणि कबुली वेळ उरला तर घेतो.

आपल्या खानदेशात पवित्र गोष्टीपुढे कसे वागावे हे कोणाला पहिल्या अक्षरापासून शिकवावे लागत नाही. श्रावणात ज्या घरी कानबाईचे रोट असतात तिथे घर झाडून-सारवून लख्ख होते, दळण सोवळ्याने होते, पांगलेले भाऊबंद गावी येतात. आपल्या मंडळीतही माणसे चपला दाराबाहेर काढतात, बाया डोक्यावर पदर घेतात, सतरंजीवर मांडी घालून बसतात. नव्या पिढीने हे ‘जुनाट’ म्हणून टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. जळत्या झुडपापुढे मोशेला पायातले जोडे काढायला देवानेच सांगितले. अंग वाकले की मनाला वाकणे सोपे जाते.

पण त्याच झुडपातून देव पुढे काय बोलला? मी माझ्या लोकांची विपत्ती पाहिली आहे, मुकादमांच्या जाचाने ते करतात तो आक्रोश ऐकला आहे, आता जा, मी तुला फारोकडे पाठवतो. मुकादमाचा जाच काय असतो हे कोयता घेऊन उसाला जाणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना सांगावे लागत नाही. जोडे काढलेला मोशे त्या झुडपापाशीच बसून राहिला असता तर त्याचा तो आदर देवाला चालला नसता.

भयाचा तुमचा प्रश्न राहिला. परमपवित्र स्थान झाकणारा मंदिरातला पडदा फाटला हे खरे, वरपासून खालपर्यंत फाटला. इब्री 10 म्हणते, येशूच्या रक्ताने परमपवित्र स्थानात जायचे धैर्य आपल्याला मिळाले आहे. पण तोच लेखक दोन अध्यायांनंतर म्हणतो, आदर व भय धरून देवाला आवडेल अशी सेवा करू, कारण आपला देव भस्म करणारा अग्नी आहे. त्याला यात विसंगती वाटत नाही. आपल्याला वाटते, कारण पडदा देव सैल झाला म्हणून फाटला असे आपण मनात धरून बसतो. पापाकडे कानाडोळा करणे देवाला जमले असते तर वधस्तंभाची गरजच काय होती? पडदा फाटला त्याच दुपारी, पवित्र देव पाप किती गांभीर्याने घेतो, हे सगळ्यांत उघडपणे दिसले.

पेत्र तर हे एकाच वाक्यात बांधतो : जो पक्षपात न करता न्याय करतो त्याला तुम्ही पिता म्हणून हाक मारता, म्हणून आपल्या प्रवासाचा काळ भयात घालवा (1 पेत्र 1:17). बापही तोच, न्यायाधीशही तोच. मासे जाळ्यात आले तेव्हा हाच पेत्र गुडघ्यांवर पडून म्हणाला होता, “प्रभो, माझ्यापासून जा, मी पापी माणूस आहे.” येशू निघून गेला नाही. मरणाआधीच्या भोजनात येशूच्या उराशी टेकून बसलेला शिष्य योहानच होता, असे मंडळी पूर्वीपासून मानत आली आहे. गौरवात त्याच प्रभूला पाहून योहान मेल्यासारखा पायांशी पडला, आणि प्रभूने त्याच्यावर उजवा हात ठेवून “भिऊ नको” म्हटले. हे “भिऊ नको” पायांशी पडलेल्या माणसाला सांगितलेले आहे. जो कधी पडलाच नाही त्याने ते आपल्यासाठी घाईने उचलू नये.

आता ज्या गोष्टीवर आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते तिच्याकडे येतो. “पवित्र असा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे,” हे वाक्य लेवीय 19 च्या सुरुवातीला आहे. एवढे उंच वाक्य वाचल्यावर वाटते, आता धूप, वस्त्रे, वेदी येणार. येते ते असे : आईबापांचा मान राखा, शेताच्या कडेकोपऱ्यांतले पीक गरिबांसाठी सोडा, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका, पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा, तागडी खरी ठेवा. आणि तेराव्या वचनात : मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका.

आपल्याकडे बऱ्याच गावांत शेतमजुरांचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो. वेचणीच्या दिवसांत बाई आठवडाभर कापूस वेचते, मजुरी किलोवर. संध्याकाळी गाठोडे काट्याला लागते, आकडा वहीत चढतो, ओल धरून किलो-अर्धा किलो कापलाही जातो. बाजाराच्या सकाळी ती रिकामी पिशवी घेऊन मालकाच्या ओट्यापाशी उभी राहते. “व्यापाऱ्याकडून पैसे सुटले नाहीत, पुढच्या बाजाराला देऊ,” असे उत्तर मिळाले की त्या घरात आठवडाभर तेल नाही, डाळ नाही, भाकरीबरोबर ठेचा. आता तो मालक आपल्या मंडळीचा सभासद असेल आणि रविवारी हात उंच करून ‘पवित्र, पवित्र’ गात असेल तर? याकोब 5:4 सांगते की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातो. सराफीम ज्याला पवित्र म्हणतात तोच हा सेनाधीश परमेश्वर. त्याच्या कानी आपले गाणे आणि त्या बाईचे गाऱ्हाणे एकाच वेळी पोहोचते.

माझ्या ओळखीत एक शेतकरी वडील आहेत. कापसाचे भाव पडलेले असोत, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असो, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ते मजुरांचे पैसे मोकळे करतात. हातात नसले तर सोयऱ्याकडून उसने आणून. त्यांचा आवाज चांगला नाही, प्रार्थनाही दोन वाक्यांची असते. देवाचे भय धरून उपासना कशी करावी हे मला कोणी विचारले की मी त्यांच्याकडे बोट दाखवतो.

दावीदाच्या आधीचा राजा शौल, त्याचे मी थोडक्यात सांगतो, कारण तो आपल्याला ठाऊक आहे. अमालेक्यांचे काहीच राखू नकोस अशी देवाची आज्ञा असता त्यांची उत्तम मेंढरे त्याने राखून ठेवली आणि वर म्हणाला, यज्ञासाठीच ठेवली. शमुवेलाचे उत्तर प्रत्येक गायकाने पाठ करावे : यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. आमोस 5 मध्ये तर देव सरळ म्हणतो, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. त्यात वाद्य कोणते होते याला महत्त्व नाही.

प्रभुभोजनाचेही तेच. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच जेवून तृप्त व्हायचे आणि गरीब भाऊ उपाशी राहायचे. पौल ‘अयोग्य रीतीने’ भाकर खाण्याविषयी बोलतो ते या पार्श्वभूमीवर. आपण ते वचन मुख्यतः चोरून दारू पिणाऱ्याला भोजनापासून रोखण्यासाठी वापरतो. तेही असो, पण ज्याने शेजारच्या भावाशी बांधावरून बोलणे टाकले आहे त्यालाही ते तितकेच लागू आहे.

तुमच्या हातात गायन आहे, म्हणून काही कामाचे सांगतो. गाणी शनिवारीच ठरवा आणि त्या दिवशीचे शास्त्रपाठ पाहून ठरवा. ऐन वेळी मोबाइलवर शोधत बसू नका. पहिल्या गाण्याआधी एक स्तोत्र मोठ्याने वाचा, मग थोडा वेळ कोणीही काही वाजवू नका. ती शांतता सुरुवातीला अवघड वाटेल, लहान मुले रडतील, रडू द्या. कबुलीची प्रार्थना गायनाच्या आधी घ्या. ड्रमचा आवाज एवढाच ठेवा की मागच्या सतरंजीवर बसलेल्या आजीला स्वतःचा आवाज ऐकू यावा. गायचे तिला आहे, तुमच्या स्पीकरला नाही. प्रार्थना चालू असताना व्हिडिओ काढणे बंद करा, आणि हे आधी तुमच्याच गटातल्या मुलांना सांगा. एखाद्या गाण्यात देवाविषयी खोटे असेल, किंवा तो आपल्या मागणीवर चालतो असे असेल, तर चाल कितीही गोड असली तरी ते सोडा. मावचीतली गाणी जरूर घ्या. ज्या भाषेत माणूस आईपाशी रडला त्या भाषेत त्याला पापाची कबुली खरी देता येते.

राहिले ते दोन तट. मत्तय 5 मध्ये प्रभूने क्रम घालून दिला आहे : अर्पण वेदीपुढे ठेवा, आधी जाऊन भावाशी समेट करा, मग येऊन अर्पण वाहा. तुमचे अर्पण गाणे आहे. तेव्हा येत्या रविवारच्या आधी, ज्यांनी सर्वांत जास्त विरोध केला त्या वडिलांच्या घरी एकटे जा. कीबोर्डची बाजू मांडू नका. त्यांनी पहिल्यांदा कोणते गीत ऐकून प्रभूला मानले ते विचारा, आणि ते गीत त्यांच्याकडून त्यांच्याच चालीवर शिकून घ्या. मग त्यांच्याबरोबर बसून 2 शमुवेल 6 आणि 1 इतिहास 15 हे दोन अध्याय वाचा, त्यांना मोठ्याने वाचू द्या, आणि रविवारी स्तोत्र वाचायला त्यांनाच उभे करा.